तिसऱ्या ओळीतला करपा

आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा माणूस आधी फुलाला नख लावून बघतो. अँथुरियमचं फूलच तसं असतं. लाल, चकचकीत, वॉर्निश मारल्यासारखं, आणि मधोमध उभी पिवळी दांडी. प्लास्टिकचं आहे का हो, असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत नख रुतवून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी ती खूण काळी पडते आणि फूल वाया जातं. मी अशा लोकांवर खेकसायचे. ताई मात्र शांतपणे म्हणायच्या, "खरंच आहे. आता दुखलं त्याला." माणूस ओशाळून हात मागे घ्यायचा. माझ्या आरडाओरड्याने जे व्हायचं नाही ते त्यांच्या दोन शब्दांत व्हायचं, आणि मला त्याचाही रागच यायचा.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. अडुसष्ट वर्षांच्या. लग्न केलं नाही, पण संसार केला, तो या झाडांचा. पहिलं रोप त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलं होतं, कारण घरात दमट हवा तेवढीच. सगळ्यांच्या अंघोळीच्या वाफेवर ते झाड वाढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागच्या जागेत शेड उभी राहिली होती. वर प्लास्टिक, बाजूंनी हिरवी जाळी, आणि छताला फॉगर, म्हणजे धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे नळ. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ बसते आणि पाच मिनिटांत ब्लाउज पाठीला चिकटतो. नवरा व्हॅन चालवून माल पोचवतो, आत फारसा येत नाही. त्याच्या हातात कात्री दिली तर तो कुंडीसुद्धा कापेल, असं ताई म्हणायच्या. म्हणजे फुलं कापणाऱ्या आम्ही दोघीच.

कापण्याचा नियम ताईंचा. प्रत्येकीकडे दोन चाकू आणि जंतुनाशकाची एक बरणी. एका चाकूने एका झाडाची फुलं कापायची, तो बरणीत बुडवायचा, बरणीतला दुसरा उचलायचा, मग पुढचं झाड. औषधाला काम करायला थोडा वेळ लागतो, म्हणून दोन. एका झाडाला काही रोग असला तर तो चाकूच्या पात्यावर बसून दुसऱ्या झाडात जातो आणि वरून काही दिसत नाही. दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते. चाकू बदलताना ताई दर वेळी तोंडाने "बदल" म्हणायच्या. एकशे ऐंशी झाडांची ओळ असली तर एकशे ऐंशी वेळा. आणि मीही तसं मोठ्याने म्हणावं अशी त्यांची अपेक्षा. वीस वर्षं हे काम केल्यावर शाळेतल्या पोरीसारखं "बदल, बदल" करायला मला लाज वाटायची. तेव्हा मला भलत्याच गोष्टींची लाज वाटायची.

त्या दिवसाची गोष्ट सांगते. सकाळी फुलांची सजावट करणारं आमचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं होतं, पुढच्या कामाचं बघायला. त्याला आम्ही सजावटवालाच म्हणतो. मी त्याच्याशी बोलत बोलत दोन-चार फुलं कापत होते. ताई मागून आल्या आणि त्याच्या देखत म्हणाल्या, "अगं, बदललास का? आवाज नाही आला." मी बदलला होता. खरंच बदलला होता. पण सजावटवाला हसला आणि म्हणाला, वहिनी, सासूबाई नाहीत तरी जाच चालूच आहे म्हणायचा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो राग मी पदराला गाठ मारल्यासारखा जपून ठेवला.

दुपारी नवरा ताईंना डोळे तपासायला घेऊन गेला. ती दोघं गेली आणि तासाभरात सजावटवाल्याचा निरोप आला. एका सभागृहाचं काम अचानक मिळालंय, तीन वाजता येतो, फुलांच्या दोनशे दांड्या तयार ठेवा. मी बरणी उचलून तिसऱ्या ओळीशी गेले. दोनशे दांड्या नियमाने कापायच्या तर दीड तास. तो पावणेतीनलाच येऊन बाहेर हॉर्न वाजवायला लागला. शेडमध्ये मी एकटी. ऐकायला कोणी नाही.

मी एक चाकू बरणीतच राहू दिला आणि दुसऱ्याने अख्खी ओळ कापली.

घाई होती म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. ते खोटं आहे. घाई होती, पण त्याहून जास्त मजा येत होती. दर झाडाला मनातल्या मनात म्हणत होते, घ्या, नाही बदलत, काय होतंय? दाराजवळच्या पहिल्या झाडाच्या एका पानावर तेलकट पिवळा ठिपका होता, तोही मी पाहिला. पाण्याचा डाग असेल म्हटलं आणि पुढे गेले. चाळीस मिनिटांत दोनशे दांड्या बांधून दिल्या. सजावटवाला म्हणाला, वहिनी, तुमचा हात म्हणजे मशीन. मला ते आवडलं.

संध्याकाळी ताई आल्या. नवा चष्मा करायला टाकला होता, डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना अंधुक दिसत होतं. तरी पहिला प्रश्न हाच, की दोनशे कापायला वेळ किती लागला. मी म्हटलं, दीड तास. त्या म्हणाल्या, "दमली असशील. बस, मी चहा टाकते."

सहा-सात आठवड्यांनी तिसऱ्या ओळीतली पानं कडेने करपायला लागली. आधी दाराशी पाच-सहा झाडं, मग पंधरा, मग बघावं तिकडे. तपकिरी डाग, भोवती पिवळी कड. देठ हाताला लागला की गळून पडायचा. ताईंनी पहिल्या दिवशीच ओळखलं आणि फॉगर बंद केले, पण त्याने काय होणार. रोपं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पान उजेडाकडे धरून पाहिलं, देठ कापून पाण्याच्या ग्लासात बुडवला, आणि मग ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, की हा जिवाणूचा करपा आहे. पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरला असता तर शेजारच्या ओळींतही गेला असता. हा झाडामागून झाड असा सरळ रेषेत गेलाय, म्हणजे चाकूने गेलाय. तुम्ही चाकू बदलत नाही का?

नवरा म्हणाला, आमच्याकडे त्याचा फार कडक नियम आहे. आणि एवढं म्हणून त्याने ताईंकडे पाहिलं.

त्याने का पाहिलं ते मला माहीत आहे. गेल्या वर्षभरात ताईंचं दोनदा-तीनदा काही ना काही विसरलं होतं. एकदा फॉगर रात्रभर चालू राहिला. एकदा घराची किल्ली पिठाच्या डब्यात सापडली. असलं कुणाचंही होतं, माझंही होतं. पण ताईंचे किस्से मी तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितले होते, शेजारी, फोनवर, अगदी सजावटवाल्यालाही. नवऱ्याने ते माझ्याच तोंडून ऐकले होते. त्या पिठाच्या डब्यावर तर मी लोकांना पोट धरून हसवलं होतं.

त्या सहा आठवड्यांत ती ओळ चार वेळा कापली गेली होती. तीनदा ताईंनी, एकदा मी.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाचं टोपण शोधलं, ते लावलं. तेवढा वेळ माझ्याकडे होता. बोलायला तो भरपूर होता. मी मूग गिळून बरणीकडे बघत राहिले. तेवढ्यात ताई आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाल्या, "माझ्याकडूनच राहिलं असणार. हल्ली माझं काही खरं नाही."

कोणीच नाही म्हणालं नाही. नवऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि मला, सांगायला जीभ रेटत नाही पण सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

सगळी ओळ जाळावी लागली. एकशे ऐंशी झाडं कुंड्यांतून उपटून पिशव्यांत भरली आणि मागच्या खड्ड्यात नेली. ओळीच्या शेवटी ताईंचं एक झाड होतं, हिरवट पांढऱ्या फुलांचं. ते त्यांनी स्वतः बी धरून वाढवलं होतं, पहिलं फूल यायला चार वर्षं लागली होती. त्याच्यावर अजून एकही डाग नव्हता. नवरा म्हणाला, हे एक ठेवू बाजूला, बघू काय होतं. ताई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, आणि स्वतः उचलून नेलं. परत येऊन त्यांनी हात धुतले, एप्रन खुंटीला लावला आणि आपले दोन्ही चाकू माझ्यापुढे धरले. "आता तूच बघ," म्हणाल्या. मी ते घेतले.

त्यानंतर ताई शेडमध्ये आल्या नाहीत. मला वाटलं होतं की चार दिवस वाईट वाटेल, मग येतील. मला वाटलं होतं की वर्षभरात नवी रोपं उभी राहतील आणि विषय मिटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडून कोणाचं भलं होणार आहे, असं मी स्वतःलाच शहाणपण शिकवत होते. पण ताईंचं शेडपुरतं राहिलं नाही. त्या घरातही स्वतःवर पहारा ठेवायला लागल्या. भाजीत मीठ घातलं का गं मी? दाराला कडी लावली होती ना? गोळी घेतली का मी सकाळची? आधी विचारायच्या, मग चिठ्ठ्या लिहायला लागल्या. उशीखाली, डब्यावर, आरशाच्या कडेला. "नळ बंद केला." "गोळी झाली." बारीक, सरळ अक्षरात. ज्या बाईने वीस वर्षं मला एक-एक गोष्ट शिकवली, ती आता मीठ घालायला माझी परवानगी मागत होती. आणि माझं उत्तर ती खरं मानत होती. मी हो म्हटलं की हो.

मी त्यांचं खूप करायला लागले. चांगली उशी दिली, चष्म्याची काच पुसून ठेवायचे, डोक्याला तेल लावून द्यायचे. शेजारीण म्हणाली, सख्खी मुलगी करणार नाही एवढं करतेस. नवरा तर सगळ्यांना सांगत सुटला, की नणंद-भावजयांचं असं कुठे बघायला मिळणार नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. कोणी नुसतं "तिसरं" म्हटलं, तिसरा मजला, तिसरी चपाती, तरी मी दचकायचे.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चहाचा कप घेऊन गेले आणि म्हटलं, ताई, एक सांगायचं होतं. त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर नुसती भीती. "काय विसरले मी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. चहात साखर कमी झाली असेल, म्हणून."

त्या घोट घेऊन म्हणाल्या, बरोबर आहे गं. मी बाहेर येऊन ओट्याशी उभी राहिले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तरी मी परत आत गेले नाही.

मग एका जेवणाच्या वेळी ताईंनीच विषय काढला. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आहे, तिथे त्यांच्या ओळखीच्या एक बाई राहतात. चौकशी केली आहे. खोली मिळतेय. तिथे लक्ष ठेवायला माणसं असतात, गोळ्या हातात देतात. नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, ताई, हे काय बोलतेस, तुला इथे काय कमी आहे. ताई म्हणाल्या, कमी काही नाही. उलट हिने इतकं केलंय की कोणी करणार नाही. म्हणूनच. "आज झाडं जळाली. उद्या माझ्या हातून घर जळेल. मग?"

नवरा रात्री पांघरुणात तोंड घालून रडला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून रविवार ठरवला.

त्या गुरुवारी नवरा माल पोचवायला गेला होता. ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एकेक साडी उलगडायची, पुन्हा तशीच घडी घालायची, शेजारच्या कागदावर खूण करायची. मी दार लावून घेतलं. बसले नाही. बसले असते तर पुन्हा साखरेचं काहीतरी बोलले असते.

"ताई, तिसरी ओळ तुमच्यामुळे गेली नाही. मी चाकू बदलला नव्हता. अख्खी ओळ एका चाकूने कापली मी. मुद्दाम."

ताईंनी घडी पूर्ण केली. मग माझ्याकडे बघून हसल्या. प्रेमाने हसल्या. म्हणाल्या, मला जाऊ द्यायचं नाही म्हणून असलं काही बोलू नकोस. मी म्हटलं, नाही हो, खरं सांगते. त्या सजावटवाल्याला दोनशे दांड्या हव्या होत्या, त्या दिवशी.

"तेच तर," ताई म्हणाल्या. "तो बाहेर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, एवढ्या वेळा कोण बदलत बसणार. मला आठवतंय."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणताहेत.

त्या सांगत राहिल्या. सुरुवातीला काही आठवत नव्हतं, त्याचाच फार त्रास व्हायचा. आपण काय केलं तेच माहीत नसावं याच्यासारखं वाईट नाही. म्हणून रोज दुपारी डोळे मिटून पडल्या पडल्या त्या तो दिवस आठवायचा प्रयत्न करत होत्या. थोडं थोडं करून आठवत गेलं. हॉर्न आठवला. हाताला सुटलेला घाम आठवला. बरणीत पडून राहिलेला चाकू आठवला. आता सगळं स्वच्छ दिसतं. "दाराजवळच्या झाडावर तेलकट ठिपकासुद्धा होता गं. मी पाहिला आणि पाण्याचा डाग म्हणून सोडून दिला."

तो ठिपका मी कोणाला सांगितला नव्हता. पण ताईंना रोग माहीत होता, तो कसा सुरू होतो ते माहीत होतं, माणूस कसा आळस करतो तेही माहीत होतं. त्यांनी माझा गुन्हा बसल्या जागी, एकेक टाका घालत, स्वतःच्या अंगाच्या मापाने शिवून घेतला होता. आणि मी तेव्हा पलीकडच्या खोलीत त्यांच्या चष्म्याची काच पुसत होते.

मी म्हटलं, ताई, त्या दिवशी तुम्ही डोळे तपासायला गेला होता. त्या म्हणाल्या, छे, ते त्याच्या पुढच्या आठवड्यात. सजावटवाला त्या दिवसांत दोनदा येऊन गेला होता हे खरं, त्यामुळे घोळ व्हायला जागा होती. मग मी धावत जाऊन कपाटातून डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद काढला आणि मोबाईलवर सजावटवाल्याचा निरोप शोधला. आज तीन वाजता येतो, दोनशे दांड्या. वर तारीख. दवाखान्याच्या कागदावर तीच तारीख, शाईने, डॉक्टरांच्या अक्षरात. वेळ दुपारी अडीच. दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, आता त्यांना पटेल. आता त्या मला हव्या तेवढ्या शिव्या देतील, आणि घरी राहतील.

ताईंनी चष्मा लावला. तारखेखाली बोट धरून ती वाचली. मोबाईलवरची वाचली. पुन्हा कागदावरची वाचली. खूप वेळ लावला त्यांनी, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते प्रेम हळूहळू उतरत गेलं.

"तुला तेव्हाच माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ती बाई आली होती तेव्हा? मी माझ्याकडून राहिलं असं म्हणाले, तेव्हा?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मी वाट बघत राहिले. मला त्यांचा राग हवा होता. तो मिळाला असता तर मी त्यांच्या पाया पडले असते, रडले असते, कुठेतरी काहीतरी फिटलं असतं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कागदाकडे बघत होत्या.

"मग मला जे आठवतं ते काय आहे गं?" त्या म्हणाल्या. "मला तर दिसतंय. माझ्या हातात चाकू आहे. मी तिथे उभी आहे. हे जर झालंच नाही, तर मग माझं खरंच काहीतरी बिघडलंय. आधी मला नुसती शंका होती."

मी घाईघाईने बोलायला लागले. म्हटलं, तुमचं काही बिघडलेलं नाही, तुम्ही आठवून आठवून ते मनाने तयार केलं, कोणाचंही होईल, माझ्यामुळे झालं, तुमचं डोकं अगदी शाबूत आहे ताई, मी सांगते ना.

त्यांनी हात वर केला. शेडमध्ये कोणी फुलाला नख लावायला गेलं की करायच्या तसा, सावकाश.

"तू नको सांगूस," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस की खरं कुठलं आणि खोटं कुठलं, तेच मला कळत नाही."

बाहेर शेडमधला फॉगर सुरू झाल्याचा आवाज आला, आता तो आपोआप होतो, ठरल्या वेळी. थोड्या वेळाने मी विचारलं, रविवारचं रद्द करू का, नवऱ्याला मी सगळं सांगते, आजच सांगते. त्या म्हणाल्या, त्याला तू सांग, ते तुझं तू बघ. रविवारचं मी ठरवेन. मग त्यांनी अर्धवट घडीची साडी मांडीवर घेतली, पण घडी घातली नाही, उलगडलीही नाही.

मोबाईल आणि दवाखान्याचा कागद उचलून मी दाराशी गेले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. मला वाटलं, आता काही बोलतील.

"तो कागद इथे ठेव," त्या म्हणाल्या. "आणि दार लावून घे."